मे महिन्याची वाट, फेब्रुवारीतला नाला

हिमस्खलनाची ही घटना हिमाचलात मनालीच्या वर, ब्यास नदीच्या उगमाकडच्या खोऱ्यातली आहे. रोहतांगखालचा अटल बोगदा सुरू झाल्यानंतरचा एक फेब्रुवारी, एवढंच सांगते. माणसांची नावं, वर्ष आणि त्या नाल्याचं नाव मुद्दाम गाळलं आहे. मी त्या गटात नव्हते. परतल्यावर दोन महिन्यांनी गटातल्या पाचही जणांशी वेगवेगळं बोलले आणि गाइडशी फोनवर दोनदा. डॉक्टरांच्या घड्याळात जीपीएसची नोंद होती, त्यामुळे वेळा बऱ्यापैकी नेमक्या मिळाल्या. आठवणी मात्र एकमेकींशी जुळत नव्हत्या. जिथे जुळल्या नाहीत, तिथे तसं लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

गट सात जणांचा. पुण्या-नाशिकचे पाच आणि दोघे स्थानिक. म्होरक्याला सगळे दादा म्हणतात. वय ४६, वीस वर्षं सह्याद्री आणि गिर्यारोहणाचे बेसिक व अॅडव्हान्स असे दोन्ही कोर्स झालेले. बाकी एक डॉक्टर, हिमस्खलनाचा चार दिवसांचा कोर्स केलेल्या ताई, एक इंजिनिअर आणि २७ वर्षांचा धाकटा. धाकट्याचा हिवाळी हिमालय हा पहिलाच. स्थानिकांपैकी एक गाइड, त्याला सगळे भाईजी म्हणायचे, आणि दुसरा त्याचा मदतनीस.

बेत साधा होता. सोलंगहून धुंडीमार्गे वर जायचं, ३,३०० मीटरवरच्या कुरणात तीन रात्री तळ ठोकायचा आणि जमलं तर ३,९०० मीटरच्या आसपासच्या एका धारेवर स्नोशूज (बर्फात रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायचे रुंद तळवे) घालून जाऊन यायचं. उन्हाळ्यात हाच रस्ता सहलीचा असतो. गुराखी, गद्दी मेंढपाळ, शाळांच्या सहली, सगळे नदीकाठानं निवांत वर जातात. दादांच्या फोनमध्ये या वाटेची जीपीएस नोंद होती. क्लबच्या एका जुन्या मोहिमेची, मे महिन्यातली.

सामानात ट्रान्सीव्हर, म्हणजे अंगावर बांधायची, संकेत पाठवणारी आणि गाडलेल्याचा संकेत शोधणारी छोटी यंत्रं, पाच होती, पुण्या-नाशिकच्या पाच जणांना एकेक. भाईजी आणि मदतनिसाकडे नव्हते. भाड्यानं आणखी दोन मिळाले असते, पण 'ते तर इथलेच आहेत' असं कुणीतरी म्हणालं आणि विषय संपला. नंतर हे वाक्य आपण बोललो असं कुणीच कबूल केलं नाही. फावडी चार आणि प्रोब, म्हणजे गाडलेला माणूस शोधायला बर्फात खुपसायच्या लांब काठ्या, दोन.

वादळ आणि खालचे थर

तो जानेवारी कोरडा गेला होता. कुरणात जुनं बर्फ जेमतेम ८०-९० सेंटिमीटर होतं, आणि हीच अडचण होती. बर्फाचा थर पातळ असला आणि रात्री निरभ्र, कडाक्याच्या असल्या, की जमिनीलगतचं बर्फ शून्याच्या आसपास राहतं आणि पृष्ठभाग उणे पंधरा-वीसपर्यंत उतरतो. या फरकामुळे खालची वाफ वर सरकत राहते आणि बर्फाचे कण एकमेकांना सोडून टोकदार, सुटे स्फटिक होतात. मुठीत घेतले तर साखरेसारखे निसटतात, त्यांचा गोळा वळत नाही. हिवाळा पुढे सरकला तरी हा थर तळाशी तसाच राहतो आणि वर पडेल ते सगळं त्याच्यावर उभं राहतं.

मग पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारं हिवाळी वादळ, आला. त्याचा अंदाज होता. हवामान खात्यानं मुसळधार हिमवृष्टीचा इशारा दिला होता आणि डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेनं जिल्ह्यासाठी हिमस्खलनाचा इशाराही काढला होता. तो इशारा जिल्हा आणि उंचीच्या हिशोबानं येतो, अमुक मीटरच्या वर धोका जास्त, असा. कोणता नाला, कोणती बाजू, हे तो सांगत नाही. ते ज्याचं त्यानं जागेवर ठरवायचं असतं.

वादळ यायच्या आदल्या दिवशीच गट वर जाऊन बसला, कारण सुट्टी मोजकी होती. वादळ तंबूत काढू, मग आकाश उघडेल, असा हिशोब. पुढचे ४८ तास बर्फ पडलं. तंबूबाहेर रोवलेल्या काठीवर नवं बर्फ ७५ सेंटिमीटर भरलं. वारा सलग नैर्ऋत्येकडून होता, म्हणजे धारांच्या ईशान्य आणि पूर्व अंगाला बर्फ नुसतं पडलं नव्हतं, वाऱ्यानं तिथे आणून रचलंही होतं. अशा पाठमोऱ्या उतारांवर काठीच्या मोजमापापेक्षा कितीतरी जास्त बर्फ साठतं.

पहिला पेच: धार

तिसऱ्या दिवशी पहाटे आकाश निळंशार होतं. सहा वाजता सगळे बाहेर आले आणि पुढचे तीन तास धारेवर जायचं की नाही यावर बोलणं झालं. हे बोलणं उत्तम झालं, असं माझं मत आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

समोरच्या डोंगरावर रात्रीतून आपोआप सुटलेली दोन हिमस्खलनं दिसत होती. ताजी, कडा धारदार. तळापासून ऐंशी पावलं गेल्यावर पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज झाला आणि आजूबाजूचं बर्फ बोटभर खाली बसलं. असा आवाज म्हणजे खालचा कमकुवत थर तिथेच कोसळला. जमीन सपाट होती म्हणून फक्त आवाज आला. ताईंनी खड्डा खणून चाचणी घेतली: ९० सेंटिमीटर रुंद स्तंभ मोकळा करायचा, एका टोकाला फावडं ठेवायचं आणि त्यावर आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून दहा-दहा टपल्या मारायच्या. तेराव्या टपलीला साखरेच्या थरावरून अख्खा स्तंभ एका तुकड्यात सरकला. तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, हे त्यातलं वाईट. म्हणजे उतारावर एका जागी थर फुटला तर तडा लांबवर धावत जाणार.

दादांना वर जायचं होतं. त्यांनी आडून आडून दोनदा विचारलं की धारेच्या डाव्या सोंडेनं गेलं तर? ताईंनी उतार मोजला. सोंड ३४ अंशांची होती. पाटीसारखी सुटणारी हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, त्यामुळे चर्चा तिथेच थांबली. दादांनी शब्द मागे घेतला. म्होरक्यानं सगळ्यांसमोर असं करणं सोपं नसतं, हे नोंदवायला हवं.

धार रद्द झाली आणि गटाला हलकं वाटलं. डॉक्टर मला म्हणाल्या, "परीक्षा दिल्यासारखं वाटत होतं. पास झालो, आता घरी." गडबड इथूनच सुरू झाली, असं मला वाटतं. गटाच्या लेखी धोका म्हणजे धार होती आणि धार तर रद्द झाली होती.

दुसरा पेच: खाली कधी आणि कुठून

साडेनऊला चहा झाला. शिधा आणखी दोन दिवसांचा होता. धाकट्याला सोमवारी ऑफिस, इंजिनिअरचं चंदीगडहून विमान. समोर तीन पर्याय होते.

एक, तिथेच आणखी एक रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन यायच्या आत निघायचं. नवं बर्फ दिवसभरात थोडं बसलं असतं. तळाचा साखरेचा थर एका दिवसात बरा होत नाही, हे खरं. पण निदान गारठ्यात आणि सावलीत चाललं असतं.

दोन, लगेच निघायचं, आल्या वाटेनं. कुरणाखाली साधारण किलोमीटरभर अंतरावर एक नाला नदीला मिळतो, त्याच्या तोंडाशी दगडमातीचा पंख्यासारखा पसरलेला भाग, म्हणजे पंखा, आडवा ओलांडायचा. रुंदी दीडशे मीटरच्या आत, उतार फार तर पंधरा अंश. चालताना तो उतार वाटतही नाही.

तीन, नदीच्या पलीकडच्या काठानं भूर्जाच्या जंगलातून उतरायचं. तिकडचा डोंगर सौम्य, झाडी दाट आणि जुनी. पण नदी हिमपुलावरून ओलांडावी लागली असती आणि वेळ दोन तास जास्त.

तिसरा पर्याय भाईजींनी सांगितला. शब्द ताईंना आठवतात: "उधर से भी जा सकते हैं, थोड़ा लंबा है." दादांनी विचारलं, "कितना लंबा?" "दो घंटा." संपलं. उधर से का, हे कुणी विचारलं नाही. धारेवर तीन तास बोललेल्या गटाचं नाल्यावरचं बोलणं पाच मिनिटांत आटोपलं.

त्या नाल्याच्या वर नेमकं काय आहे, हे वाटेवरून दिसत नाही. मधे एक टेकाड आडवं येतं. नकाशावर मात्र स्पष्ट दिसतं: वर पूर्वेला तोंड असलेला रुंद कटोरा, कड्यापासून पंख्यापर्यंत सहाशे मीटर उंचीचा, आणि वाऱ्यानं दोन दिवस नेमका तिथेच बर्फ आणून टाकलेला. पंख्यावर उभं राहून त्या कड्याच्या दिशेनं क्लिनोमीटर (कोन मोजायचं साधन) धरला असता तर नजरेचा कोन ३० अंशांच्या आसपास भरला असता. मोठी हिमस्खलनं हा कोन २० अंशांवर येईपर्यंतही वाहत जातात. म्हणजे गट ज्याला सपाटी समजत होता, ती बंदुकीची नळी होती. खुणाही होत्या. पंख्यावर एकही मोठं झाड नव्हतं, काठावरच्या भूर्जांच्या डोंगराकडच्या बाजूच्या फांद्या मोडलेल्या आणि खोडं खालच्या बाजूला वाकलेली. हे सगळ्यांनी येताना पाहिलं होतं. धाकट्यानं तर वाकलेल्या झाडांचा छान फोटो काढला होता.

आपल्याकडे पावसाळ्यात ओढा ओलांडताना आपण पायाखालचं पाणी बघतोच, पण वर घाटमाथ्यावर किती पाऊस चाललाय याचाही अंदाज घेतो. आपल्या डोक्यावर ऊन असताना ओढ्याला लोंढा येतो, हे सह्याद्रीत फिरलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. तीच माणसं बर्फात हे विसरली. दादा म्हणाले, "आम्ही उतार शोधत होतो. तिथे उतारच नव्हता."

काय घडलं

११ वाजून ४० मिनिटांनी गट निघाला. त्या सकाळी ट्रान्सीव्हरची तपासणी झाली नाही. पहिल्या दिवशी झाली होती आणि आता तर खालीच जायचं होतं. ताईंनी आपलं फावडं पाठपिशवीत तळाशी टाकलं, वर तंबू.

पंख्याच्या अलीकडच्या काठावर १२ वाजून ५ मिनिटांनी सगळे थांबले. एकेकानं ओलांडायचं असं ठरलं. नियम बरोबर होता. पण नव्या बर्फात पाय मांडीपर्यंत रुतत होते, त्यामुळे वाट फोडायला भाईजी आणि मदतनीस दोघे एकदमच गेले, आलटून पालटून पुढे राहत. त्यांना दहा मिनिटं लागली. मागे दादा गेले, पोचले. मग इंजिनिअर निघाला. मधोमध त्याच्या स्नोशूचा पट्टा सुटला. तो वाकून बांधत राहिला. मिनिट गेलं, दोन गेली. धाकटा त्याला मदत करायला निघाला. ताई म्हणतात, मी ओरडले, थांब. धाकटा म्हणतो, मला काहीच ऐकू आलं नाही.

१२ वाजून २६ मिनिटं. वरून आधी आवाज आला की आधी पांढरा ढग दिसला, यावर पाच जणांची पाच उत्तरं आहेत. टेकाडाच्या मागून बर्फ आलं आणि आठ-दहा सेकंदांत पंख्याच्या मधल्या पट्ट्यावरून पुढे गेलं. आकार फार मोठा नव्हता. कटोऱ्यातला एक कोपराच सुटला होता. इंजिनिअर वीसेक मीटर फेकला गेला आणि कमरेपर्यंत रुतला. धाकटा दिसेना.

चौदा मिनिटं

बर्फाखाली गाडलेल्या माणसाला पहिली दहा-पंधरा मिनिटं खरी संधी असते. त्यानंतर जगण्याची शक्यता कड्यावरून पडावी तशी पडते आणि अर्ध्या तासानंतर फार थोडे उरतात. बहुतेकांचा जीव थंडीनं जात नाही, श्वास कोंडून जातो. बाहेरून मदत येईपर्यंत सगळं संपलेलं असतं. सोबतच्यांनी वाचवलं तरच. त्यातून तळावर मोबाइलला रेंज नव्हती, आणि उपग्रहावर चालणारी संपर्क-उपकरणं आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. गटाकडे ती नव्हती, ते योग्यच.

ताईंनी सूत्रं हातात घेतली. भाईजींना वर नजर ठेवायला उभं केलं, दुसरा लोंढा आला तर ओरडायला. सगळ्यांनी ट्रान्सीव्हर शोधावर टाका, असं त्या ओरडल्या. त्यांच्या यंत्रावर तीन संकेत आले. एक इंजिनिअरचा, तो डोळ्यांसमोर होता, त्यांनी तो यंत्रात बाजूला टाकला. उरलेल्या दोनांपैकी एक जागा बदलत होता. त्या त्याच्या मागे गेल्या, मग थांबल्या, मग पुन्हा गेल्या. ते दादा होते. धाकट्याला शेवटचं जिथे पाहिलं तिथे ते वेड्यासारखे प्रोब खुपसत होते आणि त्यांचं यंत्र अजून संकेत पाठवतच होतं. वीस वर्षांचा अनुभव, दोन कोर्स. यावर हसण्यासारखं काही नाही. घाबरलेला माणूस हातात असेल ते काम करतो. त्यात चार मिनिटं गेली.

१२:३० ला दादांचं यंत्र शोधावर आलं. १२:३२ ला यंत्रावरचा अंतराचा आकडा १.१ मीटरवर उतरला आणि १२:३३ ला प्रोब मऊ अडथळ्याला लागला, ९० सेंटिमीटरवर. प्रोब तिथेच ठेवून दादा आणि मदतनीस उताराच्या खालच्या बाजूनं आत खणू लागले. सरळ वरून खड्डा खणत बसलं तर तोच माल पुन्हा आत ढासळतो. तिसरं फावडं ताईंच्या पिशवीत तंबूखाली होतं आणि चौथं धाकट्याच्या पाठीवर, म्हणजे त्याच्याबरोबर गाडलेलं. १२:४० ला चेहरा मोकळा झाला.

ओठ निळे, शुद्ध नव्हती, श्वास नव्हता, नाडी होती. डॉक्टरांनी तोंडातलं बर्फ बोटानं काढलं आणि तोंडानं श्वास दिले. मिनिटभरात तो खोकला.

परिणाम

धाकट्याचा उजवा खांदा निखळला होता, दोन बरगड्यांना तडे गेले होते. मेंदूवर काही परिणाम राहिला नाही. इंजिनिअरचा गुडघा मुरगळला. त्याला बाहेर काढायला आणखी पंधरा मिनिटं लागली. धाकट्याला झोपण्याच्या पिशवीत आणि ताडपत्रीत गुंडाळून मॅटवरून ओढत नेलं. मदतनीस रेंज मिळेपर्यंत पुढे धावत गेला.

खाली आणखी एक लहान घळ होती. तिथे भाईजींनी कुणाला काही न विचारता वाट बदलली आणि सगळ्यांना हिमपुलावरून पलीकडच्या भूर्जांमध्ये नेलं. कुणी किती लांब असं विचारलं नाही. अंधार पडता पडता ते रस्त्याला लागले.

वेगळं काय करता आलं असतं

दादांचं मत ठाम आहे: चूक वेळेची होती. पहाटे पाचला निघालो असतो तर नाला शांत होता. मला हे अर्धंच पटतं. पूर्वेचा कटोरा सकाळपासून उन्हात तापत होता, त्यामुळे उशीर महागात पडला असावा. पण वाऱ्यानं रचलेलं बर्फ सुटायला उन्हाची वाट पाहत नाही. समोरची दोन हिमस्खलनं रात्रीच्या अंधारातच सुटली होती. माझ्या मते त्या दिवशी योग्य वाट पलीकडच्या काठाची होती, दोन तास जास्त घेऊनही. आणि तीही दुसऱ्या दिवशी पहाटे. ताईंचं म्हणणं आणखी मागे जातं: इशारा असताना वादळाच्या आदल्या दिवशी वर जायलाच नको होतं. कारण मग परतीची प्रत्येक वाट कुठल्या ना कुठल्या नाल्याखालूनच जाणार होती. यावर त्या दोघांचं अजून जमलेलं नाही.

पंखा ओलांडायचाच होता, तर थांबायची जागा चुकली. अलीकडचा काठही लोंढ्याच्या वाटेत होता. लोंढा मोठा असता तर थांबलेल्या दोघीही त्यात गेल्या असत्या. ताई आणि डॉक्टर वाचल्या त्या निव्वळ त्याच्या लहानपणामुळे. पट्टे, फावडी, ट्रान्सीव्हर, हे सगळं काठावर येण्याआधी बघून घ्यायचं काम होतं. एकजण अडकला तर दुसऱ्यानं जायचं नाही, हे आधी बोलून ठेवायला हवं होतं. तसं बोललं नसेल तर कुणीतरी जातोच, आणि धाकटा गेला म्हणून मी त्याला दोष देणार नाही.

भाईजींना मी फोनवर विचारलं की तुम्हाला नाल्याची शंका होती का. ते म्हणाले, होती, दरवर्षी तो सुटतो. मग जोर का नाही धरला? ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, सकाळी साहेबलोक यंत्रं घेऊन तीन तास बोलत होते, मला वाटलं त्यांनी नाल्याचंही बघितलं असेल. त्यांना हे तीन तासांच्या त्या चर्चेतच विचारायला हवं होतं. त्यांना ट्रान्सीव्हर न देणारा गट त्यांना गटातलं मानत होता का, हा प्रश्न मी दादांना विचारला. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण पुढच्या मोहिमेसाठी सात ट्रान्सीव्हरची नोंद त्यांनीच केली.

मे महिन्याची ती जीपीएस नोंद क्लबच्या फोल्डरमध्ये अजून आहे. ताईंनी फाइलचं नाव बदलून 'फक्त मे-जून' असं केलं आहे, आणि शेजारी पलीकडच्या काठाची नवी नोंद ठेवली आहे. ती भाईजींनी नंतरच्या हिवाळ्यात चालून पाठवली.